आईचे गुडघे, डबाभर गोळ्या आणि "वातूळ" म्हणून बंद केलेलं जेवण. काय चालू ठेवू, काय बंद करू?

तेरणाकाठ:

नमस्कार मंडळी, एरवी इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आई ६३ वर्षांची, कळंब तालुक्यात गावी असते. वजन ७४ किलो आणि उंची जेमतेम पाच फूट. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. लातूरला हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं, एक्सरे काढला, ते म्हणाले झीज आहे, चारपैकी ग्रेड २ ते ३, ऑपरेशनची घाई नाही, वजन कमी करा आणि व्यायाम करा. व्यायामाचा छापील कागद हातात दिला, त्यावर बारकी बारकी चित्रं, तो कागद आईने देवघरातल्या पोथीत घालून ठेवलाय आणि विषय संपला.

व्यायाम सोडून बाकी सगळं मात्र सुरू आहे. सांध्यांसाठी म्हणून विकतात ती ग्लुकोसामाईनची मोठी गोळी (शेजारच्या काकूंना गुण आला म्हणून), हळदीच्या कॅप्सूल, कॅल्शियम, दर रविवारी दुधातून ड जीवनसत्त्वाची ती ६०,००० वाली पुडी, जी कधी सुरू केली आणि कधी थांबवायची हे कुणालाच आठवत नाही. जास्त दुखलं की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणते, आणि जास्त तर रोजच दुखतं. शिवाय मामेभावाने कुठूनतरी आणून दिलेल्या "जडीबुटीच्या" पुड्या, त्यावर नाव नाही गाव नाही, पण आई म्हणते गुण फक्त ह्यालाच आहे. बीपीची गोळी चालू आहे आणि रक्त पातळ करायची छोटी गोळी पण.

सगळा खर्च महिन्याला चार हजाराच्या घरात जातो. पैशाचं जाऊ दे, पण जेवण बघवत नाही. दही, ताक, टोमॅटो, लिंबू आंबट म्हणून बंद. वांगं, बटाटा, तुरीची डाळ, हरभरा, मटकी वातूळ म्हणून बंद. मग राहिलं काय? भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि चहा. चालणं पण बंद केलंय, म्हणते अजून झिजतील गं. पूर्वी शेतात जाऊन यायची, आता दारातल्या बाजेवर बसून असते.

ह्यातलं नक्की कशाने फरक पडतो? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

मोगरा_७१:

ताई मेथीदाणे रात्री भिजवून सकाळी चावून खायला द्या, माझ्या जाऊबाईंना खूप फरक पडला. आणि निरगुडीचा पाला गरम करून बांधायचा. त्यांना साईड इफेक्ट काही झाला नाही.

फिजिओ_नाशिक:

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आईंना तपासलेलं नाही त्यामुळे जनरल सांगतेय एवढं लक्षात असू द्या.

सगळ्यात आधी ते "चाललं की अजून झिजतील". हे मी आठवड्यातून इतक्यांदा ऐकते की आता दवाखान्याच्या भिंतीवर लिहून ठेवावं वाटतं. सांध्याच्या कूर्चेत (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर) रक्तवाहिन्या नसतात, तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून, आणि तो द्रव आत बाहेर फिरतो तो दाब पडला आणि सुटला की. म्हणजे हालचाल झाली की. बाजेवर बसून राहिलं की पोषण कमी, मांडीचे स्नायू रोडावतात, मग पुढच्या वेळी उठताना सगळा भार थेट सांध्यावर, मग जास्त दुखतं म्हणून अजून बसणं. हे चक्र तोडायचंय. आणि ग्रेड २-३ ऐकून घाबरू नका, एक्सरेमधली झीज आणि प्रत्यक्ष दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही, ग्रेड ४ वाले बाजार करून येणारे पेशंट मी पाहिलेत.

आता तो पोथीतला कागद. त्यावर बहुतेक हेच असणार:

पलंगावर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली दाबायचा, मांडी घट्ट होते ना तशी, पाच आकडे मोजायचे आणि सोडायचं. दहा वेळा. मग आडवं पडून एक पाय दुमडलेला आणि दुसरा सरळ, तो सरळ पाय फूटभर वर उचलायचा, पाच मोजायचे, हळू खाली. हा पण दहा वेळा, मग पाय बदलायचा. श्वास रोखून धरायचा नाही, बीपी आहे म्हणून मुद्दाम सांगतेय. नंतर खुर्चीवर बसून पाय सरळ करणं. सकाळ संध्याकाळ एवढंच, पहिले दोन आठवडे.

हे जमायला लागलं की खरा व्यायाम म्हणजे खुर्चीवरून उठणं बसणं, हात न टेकता. सुरुवातीला खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा, मग उशी काढा. आणि ओट्याला धरून टाचा वर उचलणं, भाजी शिजेपर्यंत होतो हा व्यायाम.

चालणं सपाट जागेवर दहा मिनिटांपासून, दर आठवड्याला थोडं वाढवत. दुखणारच थोडं. नियम असा की व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते दुखणं नेहमीपेक्षा जास्त राहिलं किंवा गुडघा सुजला तर डोस जास्त झाला, निम्मा करा. बंद करू नका, निम्मा करा. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे जातात, आणि बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात "काही उपयोग नाही" म्हणून सोडतात.

तेरणाकाठ:

खूप खूप आभार मॅडम. अजून एक, मांडी घालून बसायला डॉक्टरांनी नाही सांगितलंय, पण आमच्याकडे चूल गॅस सगळं खाली, भाकरी थापायला खालीच बसते, पूजा खाली, जेवण खाली, संडास भारतीय पद्धतीचा. किती गोष्टी बदलणार.

फिजिओ_नाशिक:

सगळ्या एकदम नका बदलू. सगळ्यात आधी संडास, कारण तिथे गुडघा पूर्ण दुमडून त्यातून उठायचं असतं आणि ते दिवसातून चुकत नाही. मधे भोक असलेली कमोडची खुर्ची मिळते सर्जिकलच्या दुकानात, भारतीय संडासावर बसते, भिंतीला धरायला एक दांडी ठोकून घ्या. मग गॅस टेबलावर. पूजेला पाट नाही, स्टूल. देवाला चालतं, सासूबाईंना चालत नाही हा भाग वेगळा :)

आणि मांडी म्हणजे पाप नाही हो. थोडा वेळ बसल्या आणि न दुखता उठता आलं तर बसू दे. तासन् तास नको आणि उकिडवं नको.

शिवाय काठी. उजवा गुडघा जास्त दुखतो ना, मग काठी डाव्या हातात. दहातले आठ जण उलट धरतात. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

मेडिकलवाला_सांगली:

मी फार्मासिस्ट, तुम्ही लिहिलेलं सगळं सामान माझ्या काउंटरवर रोज विकलं जातं, म्हणून हे लिहिणं म्हणजे स्वतःच्या गल्ल्यावर धोंडा मारून घेणं आहे. तरी लिहितो.

जडीबुटीच्या पुड्यांपासून सुरू करतो कारण बाकी सगळ्यात पैसे वाया जातात, पुड्यांमध्ये माणूस जाऊ शकतो. नाव नसलेली, "दोन दिवसात फरक" पडणारी सांधेदुखीची पावडर म्हटलं की पहिला संशय स्टिरॉईडचा. डेक्सामेथासोनसारखी गोळी कुटून घातलेली असते, असे प्रकार तपासण्यांत पुन्हा पुन्हा सापडलेत. गुण येणारच, स्टिरॉईड आहे ते. चेहरा गोल सुजल्यासारखा झालाय का, भूक वाढलीय का, शुगर कधी तपासली? हे बघा. आणि महत्त्वाचं, बरेच महिने घेत असतील तर एकदम बंद करू नका, शरीराचं स्वतःचं स्टिरॉईड तयार होणं मंदावलेलं असतं, एकदम तोडलं तर चक्कर, उलट्या, बीपी पडणं, काहीही होऊ शकतं. पुडी घेऊन फिजिशियनकडे जा आणि ते सांगतील तसं कमी करा. ह्याच आठवड्यात जा.

दुसरं डायक्लोफिनॅक. बीपीची गोळी + रक्त पातळ करायची गोळी + रोज डायक्लोफिनॅक, हे तिन्ही एकत्र म्हणजे पोटात रक्तस्राव, किडनीवर ताण आणि बीपीची गोळी नीट लागू न पडणं. त्याऐवजी डायक्लोफिनॅकचंच जेल मिळतं, गुडघ्यावर दिवसातून तीनचार वेळा चोळायचं. गुडघ्याचा सांधा कातडीच्या जवळच असल्यामुळे जेल चांगलं लागू पडतं आणि रक्तात फार थोडं जातं. तरी डॉक्टरांना विचारून.

तिसरं ग्लुकोसामाईन. अमेरिकेत २००६ साली मोठा अभ्यास झाला, गेट ट्रायल म्हणतात त्याला, १५८३ पेशंट, ग्लुकोसामाईन, कॉन्ड्रॉईटिन (तशीच सांध्यांची सप्लिमेंट), दोन्ही मिळून, आणि काहींना नुसती खोटी, औषध नसलेली गोळी. एकूणात खोट्या गोळीपेक्षा ठळक फरक दिसला नाही. ज्यांना मध्यम ते तीव्र दुखणं होतं त्या छोट्या गटात दोन्ही मिळून थोडा फायदा दिसला, त्यावरून अजून भांडणं चालू आहेत. पण २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने गुडघ्यासाठी ह्या गोळ्या नकोत असं स्पष्ट सांगितलं. त्याच यादीत व्यायाम, वजन कमी करणं आणि काठी ह्या गोष्टी ठामपणे करा म्हणून आहेत. शेजारच्या काकूंना गुण आला म्हणता, येत असेल, खोट्या गोळीने पण बऱ्याच लोकांना आलाय त्या अभ्यासात, निम्म्याहून जास्त लोकांना.

ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढायलाच पाहिजे, हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. पण ती पुडी साधारण आठ आठवडे आठवड्याला एक आणि मग महिन्याला एक अशी देतात. वर्षानुवर्षं दर रविवारी घेतली, वर कॅल्शियम, तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ, बद्धकोष्ठ, मुतखडा. आधी रक्त तपासा, मग ठरवा. सोबत बी १२ पण बघा. आणि झीज भरून काढायला ड चा उपयोग नाही, त्यावरही अभ्यास झालेत.

हळदीचं उद्या लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आहे.

तेरणाकाठ:

दादा हात थरथरले वाचून. चेहरा सुजलाय का म्हणालात, मागच्या दिवाळीचे फोटो काढून बघितले आणि काल व्हिडिओ कॉल केला. भूक तर लागतेच तिला, दिवसभर चहा आणि काहीतरी. मी ह्या शनिवारी गावी जातेय, पुडी घेऊन सोमवारी सरळ फिजिशियनकडे.

सालईवाला:

मेडिकलवाले दादा, सगळंच मोडीत काढू नका. सालई गुग्गुळ, ज्याला शल्लकी म्हणतात, त्याचं काय? आमच्या सातपुड्यात मेळघाटात सालईची झाडं आहेत, लोक डिंक काढतात. नागपूरच्या इंदिरा गांधी मेडिकल कॉलेजात ह्याच्यावर गुडघ्याच्या पेशंटवर अभ्यास झालेला आहे, २००३ ला छापून आला, खोट्या गोळीशी तुलना करून. दुखणं कमी, वाकवणं जास्त, चालण्याचं अंतर वाढलं. हे अमेरिकेचं नाही, आपल्या नागपूरचं आहे.

मेडिकलवाला_सांगली:

वाचलाय तो. चांगला अभ्यास आहे, पण पेशंट ३०. तीस. वर १५८३ चा आकडा लिहिलाय त्याच्याशी ताडून बघा. नंतरही छोटे छोटे अभ्यास झाले, बहुतेकांचा कल बऱ्याच्या बाजूने आहे, पण बरेचसे कंपन्यांच्या पैशाने. मी म्हणेन ह्या सगळ्या सप्लिमेंटमध्ये काही करून बघायचंच असेल तर शल्लकी दोनतीन महिने करून बघा, फरक नाही पडला तर सोडा. कुणाकुणाला जुलाब, ॲसिडिटी होते. मोडीत काढत नाहीये, रांगेत मागे उभं करतोय.

आता हळद. सांगलीत बसून हळदीविरुद्ध लिहिणं जिवावर येतं. भाजीतली हळद घाला खुशाल. पण हळदीत कुर्कुमिन, म्हणजे तिच्यातला कामाचा घटक, असतं साधारण तीन टक्के, म्हणजे चमचाभर हळदीत शंभरेक मिलिग्रॅम, आणि गुडघ्याच्या अभ्यासांत वापरलेलं असतं दिवसाला ५०० ते १५०० मिलिग्रॅम. वर ते आतड्यातून रक्तात जातच नाही फारसं. मिऱ्यातल्या पायपरीनमुळे कितीतरी पट जास्त शोषलं जातं हे १९९८ मध्ये बंगळुरूच्या डॉक्टरांनीच दाखवलं, म्हणून हल्ली कॅप्सूलमध्ये मिरं घालतात. काही छोट्या अभ्यासांत दुखणं कमी झालंय. पण हेच जास्त शोषलं जाणारं कुर्कुमिन घेऊन काही लोकांच्या लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, आणि रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर तर विचारल्याशिवाय नकोच. आईंच्या बाबतीत मी बंद करा म्हणेन.

बुक्का:

सर्वांना रामकृष्णहरी. ताई, आई माळकरी आहेत का? विचारायचं कारण, ग्लुकोसामाईन बहुतेक वेळा कोळंबी खेकड्याच्या कवचापासून बनवतात आणि कॉन्ड्रॉईटिन जनावराच्या नाहीतर शार्कच्या कुर्च्यापासून. आमच्या वडिलांची माळ आहे, त्यांना हे कळल्यावर त्यांनी डबी उचलून उकिरड्यावर फेकली. मक्यापासून बनवलेलं पण येतं, पाकिटावर हिरवा ठिपका बघायचा.

तेरणाकाठ:

माळकरी आहे!! अरे देवा. हे तिला सांगायचं कसं आता. पण एक आहे, मी शंभर वेळा सांगून जी गोळी बंद झाली नसती ती ह्याने एका वाक्यात होणार.

बांगडाप्रेमी:

मी मालवणची, सध्या मुंबईत. मला आमवात आहे, म्हणजे रुमॅटॉईड, वयाच्या पस्तिशीपासून. वर सगळे झिजेबद्दल बोलताहेत ते बरोबरच आहे पण लोक "संधिवात" ह्या एका शब्दात चार वेगळे आजार कोंबतात आणि मग एकाचं औषध दुसऱ्याला. तुमच्या आईला सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले असतात विचारा. झिजेचं आखडणं बहुतेक पंधरा वीस मिनिटात, फार तर अर्ध्या तासात सुटतं. आमच्या आजारात तास दोन तास मूठ वळत नाही, आणि सुरुवात बहुतेक हाताच्या बोटांच्या पेरांपासून होते, दोन्ही हातांना सारखी. वजन उतरतं, थकवा येतो. असं काही असेल तर ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी सीसीपी ह्या रक्ताच्या तपासण्या आणि संधिवाततज्ज्ञ. ह्यात उशीर केला तर सांधे वाकडे होतात आणि ते परत सरळ होत नाहीत.

आमच्यासाठी आहार हा जोड असतो, औषध नाही. मी मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी घेते, आठवड्यातून एकदाच, हे ठळक लिहिलं कारण आमच्या ग्रुपमधल्या एका बाईंना कुणीतरी रोज घ्यायला सांगितलं होतं आणि त्या आयसीयूत पोचल्या. बरोबर फॉलिक ॲसिड. मासे खाते भरपूर, तारली बांगडा, त्यातल्या ओमेगा थ्री मुळे सकाळचं आखडणं थोडं कमी होतं असं अभ्यासही सांगतात आणि मला पण वाटतं. पण मासे खाऊन गोळी सोडली असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

माळकऱ्यांसाठी जवस आहे. त्यातलं ओमेगा शरीराला माशातल्यासारखं करून घ्यावं लागतं आणि फार थोडं होतं, पण जवसाची चटणी चांगलीच की, मराठवाड्यात तुम्हाला काय सांगायचं.

वैद्य_कोथरूड:

मी आयुर्वेदाचा आहे, वातूळ शब्द आला की आम्हाला बोलावं लागतं.

वरच्या ताईंनी जे म्हटलं तेच आमच्याकडे पण आहे. संधिगत वात वेगळा, आमवात वेगळा, वातरक्त (गाऊट) वेगळं, तिघांचं पथ्य वेगळं. संधिगत वातात, म्हणजे झिजेत, कोमट तिळाचं तेल, महानारायण तेल लावून शेक, हे चांगलं. आमवातात सूज असताना तेल चोळायचं नाही, तिथे वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक. दही, उडीद, गूळ, मासे टाळायचे हे पथ्य आमवाताचं, ते उचलून लोक झिजेच्या बाईला लावतात. (मासे बघून वरच्या ताई रागावतील, रागावू दे, ग्रंथात आहे ते सांगितलं.) आणि वातूळ म्हणजे कोरडं, शिळं, अवेळी, अर्धपोटी खाणं पण वातूळच. ताई, तुमच्या आई भाकरी चटणी चहावर राहताहेत त्याहून वातूळ दुसरं काही नाही. तुरीचं वरण, हिंग लसणाची फोडणी, वर चमचाभर तूप, हे खाऊ द्या. मटकी मोड आणून, शिजवून. ताक ताजं, जिरं घालून, दुपारचं.

गुग्गुळाच्या गोळ्या परस्पर आणू नका, थायरॉईडच्या आणि बीपीच्या काही औषधांशी पटत नाही त्यांचं. मेथीदाणे खाऊन काही बिघडणार नाही, शुगरला बरेच आहेत, पण गुडघा त्याने सुधारतो असं मी छातीठोक सांगणार नाही.

मोगरा_७१:

जाऊबाईंना फरक पडलाय हे मी डोळ्याने बघितलंय.

वैद्य_कोथरूड:

पडला असेल ताई, चालू ठेवा म्हणावं.

धन्या_बार्शी:

वातरक्ताचं कुणी बोललं नाही म्हणून. वडिलांना रात्री अचानक पायाचा अंगठा लालबुंद, चादरीचा स्पर्श सहन होईना. युरिक ॲसिड. त्यांनी पण पहिल्यांदा डाळी बंद केल्या. डॉक्टर म्हणाले डाळी खा, बियर बंद, कलेजी वजडी बंद, गोड कोल्ड्रिंक बंद, आणि गोळी रोज. आता बरे आहेत. आईंचा गुडघा एका रात्रीत लाल गरम होत असेल तरच ह्या वाटेला जा, नाहीतर नको.

फिजिओ_नाशिक:

आहाराचं एक राहिलं, वजन. ते सोडून सगळ्यावर चर्चा झाली :)

शरीराचं वजन एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. आईंचे ७४ चे ६९ झाले तर प्रत्येक पावलाला वीस किलोचं ओझं उतरलं. अमेरिकेतच २०१३ मध्ये एक अभ्यास आला, ४५४ लोक, सगळे जाड आणि गुडघ्याने त्रासलेले, दीड वर्ष. नुसता आहार, नुसता व्यायाम आणि दोन्ही मिळून. दोन्ही करणाऱ्यांचं दुखणं सगळ्यात जास्त कमी झालं. तेव्हा ह्यातलं एकच निवडायचं असं नाही.

पण उपाशी ठेवून वजन उतरवू नका, ह्या वयात चरबीबरोबर मांसही उतरतं. म्हणून डाळी, मोडाची कडधान्यं, दही, पनीर पाहिजेच, प्रत्येक जेवणात काहीतरी. कमी काय करायचं तर चहातली साखर (दिवसाला किती चहा होतात मोजा एकदा), फरसाण, एकादशीची साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची चटणी वाटीने नाही चमच्याने. आणि डिंकाचे लाडू! दिवाळीनंतर सगळ्या आया "हाडांसाठी" दोन दोन खातात, तूप गूळ खोबरं सगळं त्यात, हाडांपर्यंत डिंक पोचतो की नाही माहीत नाही, कमरेपर्यंत तूप पोचतं.

पुडीत खरंच स्टिरॉईड असेल तर भूक आणि वजन त्यानेच वाढलेलं असू शकतं, ते आधी निस्तरू दे, मग वजनाच्या मागे लागा.

तेरणाकाठ:

अपडेट द्यायला आलेय. उशीर झाला, सॉरी.

फिजिशियननी जडीबुटीची पुडी बघून मान हलवली, चेहरा आणि हातावरची पातळ झालेली कातडी बघून म्हणाले स्टिरॉईडच आहे. शुगर बॉर्डरच्या वर. पुडी बंद पण त्याजागी स्टिरॉईडचीच मोजून गोळी देऊन हळूहळू कमी करताहेत, महिनेच्या महिने चालेल म्हणाले. ड जीवनसत्त्व भरपूर निघालं, रविवारची पुडी थांबवली. बी १२ कमी निघालं. डायक्लोफिनॅकच्या जागी जेल. सकाळचं आखडणं दहा मिनिटं, बोटं ठीक, म्हणजे झीजच.

जडीबुटीची पुडी बंद केल्यावर पहिले काही दिवस दुखणं वाढलं, आई माझ्याशी बोलत नव्हती, मामेभाऊ तर अजून बोलत नाही. ग्लुकोसामाईनचं कवच प्रकरण सांगितल्यावर तिने डोक्याला हात लावला आणि दोन एकादश्या जास्तीच्या धरल्या, खिचडी न खाता, फिजिओ मॅडम खूश होतील. हळदीच्या कॅप्सूल पण बंद. कमोडची खुर्ची आली. टॉवेलवाला व्यायाम वहिनी करून घेते, संध्याकाळी हरिपाठाच्या आधी, कागद पोथीतून बाहेर काढून भिंतीला चिकटवलाय. वरण आणि ताक परत सुरू. टोमॅटो अजून नाही म्हणते, राहू दे.

एक विचारायचं होतं, नवरात्रात तुळजापूरला जायचं म्हणतेय. तिथे महाद्वारातून खाली पायऱ्या उतरून जावं लागतं, नी कॅप घालून चालेल का?

फिजिओ_नाशिक:

नवरात्रातल्या गर्दीत नको. धक्काबुक्कीत पायरी चुकली तर गुडघ्याचं राहू द्या, स्टिरॉईडवर राहिलेलं हाड आहे, खुब्याचं फ्रॅक्चर व्हायला वेळ लागत नाही. उतरताना गुडघ्यावर चढण्यापेक्षा जास्त भार येतो आणि तिथे जातानाच उतरायचंय. दर्शन नवरात्र झाल्यावर एखाद्या आडवारी ठेवा, मंगळवार शुक्रवार पौर्णिमा सोडून. एका बाजूने कठडा धरायचा, दुसऱ्या हातात काठी, एका पायरीवर दोन्ही पाय आणि उतरताना दुखरा आधी. मधे थांबत थांबत.

नी कॅप घाला, उब आणि धीर दोन्ही मिळतो, पण रात्री काढून ठेवायची आणि घातली म्हणून व्यायाम सुटत नाही. तोपर्यंत खुर्चीवरून हात न टेकता सलग दहा वेळा उठता येतंय का बघा. येत असेल तर घेऊन जा, नसेल तर अजून महिनाभर थांबा.